तुझं पाणी, तुझी भिंत

बुलो गल्लीत चौदा घरं आहेत. चौदाही घरांचे पाये एकाच उन्हाळ्यात, एकाच कारखान्याच्या काँक्रीटनं भरले गेले, आणि ते काँक्रीट प्रत्येक घरापर्यंत एकाच माणसानं, एकाच ट्रकमधून आणून ओतलं. पुढच्या सोळा वर्षांत त्यांतल्या तेरा घरांचे पाये तडकले. नऊ नंबरच्या घराचा पाया तडकला नाही. ते घर ट्रक चालवणाऱ्याचं होतं.

ओडील त्रोतिए त्या घरात वाढली नव्हती. घर उभं राहिलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि दोनच वर्षांत शिकायला माँट्रियलला निघून गेली. तरी नवं वर्ष लागलं की ती चार दिवस आईकडे, त्र्वा-रिव्हिएर गावातल्या त्या घरी, येई, आणि यंदाही आली होती. दुपारी दाराची घंटा वाजली. दार उघडेपर्यंत बाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्यावरच्या बर्फात आईचा निळा पत्र्याचा डबा ठेवलेला होता, आणि समोरच्या घराकडं परत गेलेली पावलं बर्फात स्पष्ट दिसत होती. डबा उचलताना तिच्या मनगटाला तो अपेक्षेपेक्षा जड लागला. एवढंच झालं. दोन्ही हातांत धरून तिनं तो आत आईकडं नेला. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तिची आई युगेत समोरच्या सोलांज लासेर्तला मेपलच्या सायीच्या वड्या देई, आणि दरवर्षी जानेवारीत डबा रिकामा, धुतलेला, कधी आत दोन मफिन घालून परत येई. आईनं ओट्यावर झाकण उघडलं. वड्या रचल्या होत्या तशाच होत्या. वरचा मेणकागदसुद्धा हललेला नव्हता.

"गोड बंद केलं असेल तिनं," ओडील म्हणाली. "साखर निघाली असेल रक्तात."

"सोलांजच्या? ती बया साखरेवरच जगते. गेल्या वर्षी डबा आला तो चाटूनपुसून. मला वाटलं, धुतलाय का जिभेनंच साफ केलाय."

"मग विसरली असेल."

"विसरलेला डबा कपाटात राहतो, ओडील. उंबऱ्यावर येत नाही."

आईनं झाकण लावलं, डबा फडताळात ठेवला, हात पुसले आणि विजेरी घेऊन ती तळघरात उतरली. बराच वेळ ती वर आली नाही तेव्हा ओडील खाली गेली. आई उत्तरेच्या भिंतीशी उभी होती. डाव्या हातातली विजेरी तिनं भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली होती, म्हणजे बारीकसा उंचवटासुद्धा सावली टाकील. आणि उजव्या हाताचा तळवा ती काँक्रीटवरून सावकाश फिरवत होती, आजारी जनावराच्या बरगड्या चाचपाव्यात तशी. हे तंत्र ओडीलनंच तिला कधीतरी फोनवर सांगितलं होतं.

"काय करतेस?"

"बघते. रोजच बघते."

"काय?"

"आज तरी गेलाय का."

"काय गेलाय का?"

"तडा," आई म्हणाली. "एक गेला की झालं. मोठा नको. सोलांजला खाली आणून दाखवता येईल एवढा."

माँट्रियलला परतताना बसच्या काचेवर बर्फ साचत होता आणि ओडील त्या वाक्याकडं एखाद्या नमुन्याकडं बघावं तशी बघत होती. तिचा धंदाच बघण्याचा होता. लोकांच्या तळघरांतून काढलेले काँक्रीटचे मनगटाएवढे दंडगोल तिच्या प्रयोगशाळेत येत. त्यांतून ती प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप काढी, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी आणि आतल्या खडीत पिरोटाइट किती आहे ते मोजी. भिंती आतून फोडणाऱ्या त्या खनिजाचं नाव त्र्वा-रिव्हिएरमधल्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. घर विकत घ्यायला येणारी माणसं फ्रिजवरचे चुंबक खिशात घालून यायची आणि मालकाची पाठ वळली की भिंतीला लावून बघायची, कारण पिरोटाइटला चुंबक लागतो असं कुणीतरी कुणाला सांगितलं होतं. ते खरंही होतं. फक्त एवढ्या क्षीण ओढीनं चुंबक भिंतीला चिकटून राहत नाही. जिथं चिकटला तिथं आत पृष्ठभागाजवळ सळई होती. चांगली घरं त्यामुळं विकली जायची राहिली आणि वाईट घरं विकली गेली. ओडीलच्या अहवालांत विशेषणं नसत. एक आकडा असे, आणि त्या आकड्यावर नवा पाया घालायला कुणाचं घर उचललं जाणार, कुणाला सरकारी मदत मिळणार, कुणाचा संसार आणखी एक हिवाळा ताडपत्रीखाली काढणार, ते ठरे. आकडा आपला नाही, तो दगडाचा आहे, असं ती नव्या मदतनिसांना सांगे. अशा सात वर्षांत शेकडो भिंती तिच्या काचेखालून गेल्या होत्या. नऊ नंबरची गेली नव्हती. तिनं मागवली नव्हती, आणि का मागवली नाही हे स्वतःला विचारलंही नव्हतं. न विचारलेला प्रश्न हासुद्धा एक पुरावा असतो, हे तिला कळत होतं.

गल्लीचं म्हणणं साधं होतं. ओडीलचा बाप रेजाँ त्रोतिए काँक्रीटच्या कारखान्यात वीस वर्षं ट्रक चालवत होता. खडीचा कुठला ढीग चांगला नि कुठला सडका, हे त्याला ठाऊक होतं. शेजाऱ्यांना त्यानं सडका दिला आणि स्वतःच्या घराला चांगला राखून ठेवला. हे कुणी त्याच्या हयातीत बोललं नाही. तो गेला तेव्हा गल्लीतली आणखी चार घरं शाबूत होती, आणि त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला सोलांजचा नवरा नॉर्माँ लासेर्त सगळ्यांत पुढे होता. मग एकेक करून ती चारही गेली. शेवटचं गेलं ते नॉर्माँचंच, गेल्या ऑक्टोबरात. त्यानंतर नऊ नंबर एकटं उरलं. एकट्या उरलेल्या गोष्टीचं कारण माणसं मागतातच. त्याबद्दल ओडीलला त्यांचा राग येत नव्हता. फादर बोल्दुक यांनी संत जोसेफचं नाव घेतलं होतं: युगेतनं पाया भरताना साच्यात संताचं पदक टाकलं होतं ना, मग! पण पदक तर चौदाही घरांनी टाकलं होतं, तसा रिवाजच होता; तेव्हा जोसेफनं तेरा घरं सोडून एकच का धरलं, हे भोक त्यात तसंच राहिलं. गल्लीच्या म्हणण्यात असं भोक नव्हतं. माहिती असलेला माणूस, संधी असलेला माणूस आणि फायदा झालेला माणूस एकच होता. हा तर्क एखाद्या विद्यार्थ्यानं मांडला असता तर ओडीलनं त्याला चांगले गुण दिले असते. तिला झोप येईना ती याच कारणानं. वडिलांवर विश्वास ठेवणं हा पुरावा नव्हे. आणि ते चांगले होते, हेही कुणी मोजलेलं नव्हतं.

वडील तिला आठवत ते बहुतेक गप्प. जेवताना सिमेंटनं पांढरी पडलेली नखं, भुवयांत अडकलेली करडी धूळ. त्यांच्याबद्दलची एक आठवण मात्र बोलकी होती, आणि ती लाजेची होती. पाया भरायच्या दिवशीची. गल्लीत सगळे सावडीनं घरं बांधत. आज याच्या साच्यावर सगळे, उद्या त्याच्या. त्या दिवशी त्रोतिएंची पाळी होती. जुलैचं ऊन होतं. आईनं वाटाण्याचं सूप आणि मांस भरलेले पॅटीस करून ठेवले होते, टबात बर्फावर बीअर होती. आणि साच्यात पडणारं काँक्रीट जाड, हट्टी, फावड्याला न सुटणारं होतं. माणसं घामानं निथळत होती. कुणीतरी बागेचा नळ सोडला आणि रबरी नळी ट्रककडं ओढली. वडील ट्रकवरून उतरले, चालत गेले, नळ बंद केला आणि नळाची चावी काढून खिशात घातली. एवढंच. मग तिकडच्या रिवाजाप्रमाणं चर्चमधल्या एकेका पवित्र भांड्याचं नाव घेऊन शिव्या सुरू झाल्या. पेला निघाला, तबक निघालं, प्रसादाची पेटी निघाली. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं, पॅटीस गार, सूपावर साय. नॉर्माँचे हात फोडांनी भरले. सतरा वर्षांची ओडील खिडकीत उभी होती आणि तिला मरणप्राय लाज वाटत होती, की आपला बाप पाण्याचीसुद्धा कंजुषी करतो. माँट्रियलला गेल्यावर तिनं ही गोष्ट मैत्रिणींना हसत हसत सांगितली होती. एकदा सांगताना चावी दातांत धरली असंही म्हटलं होतं. आता तिला चावी खिशात होती की दातांत, हे नक्की आठवेना.

मार्चमध्ये ती भाड्याचं यंत्र घेऊन आली. हिऱ्याचे दात असलेला पोकळ बरमा भिंतीला लावला तेव्हा आई जिन्यावर बसून बघत होती.

"तडा नाही तर भोक तरी," आई म्हणाली. "सोलांजला म्हणेन, बघ, आमच्याही भिंतीत काहीतरी गेलं."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ कुणी काढला माहितीये? मी. सोळा वर्षांचा शेजार एकीकडं, आणि फावडं एकीकडं. नॉर्माँ आपलं बर्फ काढायचं यंत्र घेऊन बरोब्बर कुंपणापर्यंत येतो नि वळतो. रेघ मारल्यासारखा. मी खिडकीतून हात करते. तो यंत्राकडं बघतो."

"माझ्याकडं चल ना मग माँट्रियलला."

"म्हणजे गल्ली म्हणेल, पळाली." आई उठली, भिंतीतल्या गोल भोकाशी गेली आणि आत बोट घालून बघितलं. "सांग ना गं, तुझ्या बाबांना ठाऊक होतं का?"

"मला माहीत नाही."

"तू तर शिकलेली."

"म्हणूनच माहीत नाही म्हणते."

तो दंडगोल प्रयोगशाळेतल्या फळीवर मार्चपासून मेपर्यंत पडून राहिला. त्यावर तिनं पत्ता लिहिला नव्हता, फक्त नऊचा आकडा. रोज ती इतरांच्या भिंती कापत होती, घासत होती, मोजत होती, आणि संध्याकाळी दिवा मालवताना तिची नजर त्या फळीवरून सरकून जाई. दगड तिच्या ओळखीचा होता, किंबहुना माणसांहून अधिक. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी एका कोंदट समुद्राच्या तळाशी काळा चिखल साचला. त्यात प्राणवायू नव्हता. जे मेलं ते नीट कुजलंही नाही, आणि त्याचं गंधक चिखलातल्या लोहाशी बांधलं जाऊन पितळी रंगाचं पायराइट झालं. मग वरती पर्वत चढले. चिखलाचा शेल झाला, शेलचा पाटीचा दगड, पाटीचा शिस्ट, शिस्टचा पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. कुठल्याही टप्प्यावर दगड वितळला नाही. घन राहूनच तो आतल्या आत दुसरा होत गेला, कण कणाला वाट देत. त्या उष्णतेत पायराइटनं आपल्या गंधकाचा काही भाग सोडून दिला आणि ते पिरोटाइट झालं. वीस-पंचवीस किलोमीटर खोल, अंधारात, दाबाखाली ते अगदी स्वस्थ होतं. खडक जिथं घडतो तिथंच तो शांत असतो. पुढं वरचे पर्वत झिजले, हिमनद्यांनी उरलंसुरलं खरवडलं, आणि एका सकाळी सुरुंग लावून त्या दगडाला उजेडात आणलं गेलं, ज्या उजेडात, हवेत आणि पावसात राहण्यासाठी तो कधी घडलाच नव्हता. त्याची खडी झाली. खडीची भिंत झाली. मग पाणी आणि हवा भिंतीच्या छिद्रांतून त्याच्यापर्यंत पोचली आणि तो पुन्हा बदलू लागला: लोहाचा गंज, गंधकाचं आम्ल, आम्लानं खाल्लेल्या सिमेंटचं जिप्सम, आणि दर बदलाला आधीपेक्षा जास्त जागा लागे. घर तडकतं म्हणजे एवढंच, की आतला दगड आपल्या नव्या रूपाला जागा करतो. यात विश्वासघात नाही, हेही ती मदतनिसांना सांगत असे. दगडाला हेतू नसतो. हे वाक्य तिला फार आवडे. आता फळीकडं बघताना तिच्या ध्यानात आलं, की माणसाला तो असतो, आणि तो कापून काचेवर चिकटवता येत नाही. आत वेगळी, निरोगी खडी निघाली तर वडिलांना ठाऊक होतं, हे जवळजवळ सिद्ध होणार होतं. आणि आईला ते सांगावं लागणार होतं.

मेच्या अखेरीला लासेर्तांचं घर उचललं गेलं. ओडील गेली तेव्हा ते लोखंडी तुळयांवर, लाकडी ओंडक्यांच्या चौकटींवर हवेत उभं होतं. खालून पलीकडची गल्ली दिसत होती. खिडकीतले पडदे तसेच होते, कुंडीतलं जिरेनियम फुललेलं होतं. घराखाली फोडलेल्या पायाचे ढिगारे पडले होते, आणि नॉर्माँ एका उलट्या बादलीवर बसून सिगारेट ओढत होता. ती कुंपण ओलांडून आत गेली. तो उठला नाही.

"लासेर्तकाका, एक ढेकूळ नेऊ का यातलं?"

"सगळंच ने. ट्रक आणलायस?" मग तिच्याकडं न बघता, "बापाचा ट्रक असता तर काम झालं असतं."

ती ढिगाऱ्याशी वाकली. त्यानं पायानं एक ढेकूळ तिच्याकडं लोटलं. ते जमिनीवर आपटताच दोन झालं, आणि आतून ओल्या भुशासारखा तांबूस चुरा पडला.

"बघ," नॉर्माँ म्हणाला. "हातानं मोडतंय. सोलांजच्या केकपेक्षा मऊ. तिला सांगू नकोस."

"काका, तुम्हाला खरंच वाटतं, बाबांना ठाऊक होतं?"

"मला काय वाटतं ते सोड. तुमची भिंत उभी आहे, हे मला दिसतं." त्यानं धूर सोडला. "मी त्याच्याबरोबर तीस वर्षं बर्फावर भोक पाडून मासे धरले पोरी. एका झोपडीत, एका शेगडीशी. माणूस बर्फातल्या भोकाशी बसून खोटं बोलतो का? मासा किती मोठा होता एवढंच. म्हणून तर जास्त लागतं."

"पाया भरला तो दिवस आठवतो तुम्हाला? आमचा?"

"आठवतो म्हणजे? हे बघ." त्यानं डावा तळवा पुढं केला, अंगठ्याखाली जुना पांढरा व्रण होता. "फावड्यानं सालटं गेली. खडूस! एक थेंब पाणी घालू दिलं नाही. काँक्रीट कसलं, शिळी मिठाई होती नुसती. इतर सगळीकडं तर नळी मागितली की हसत द्यायचा. माझ्या इथं मीच मागितलं. नुसतं म्हणायचा, 'तुझं पाणी, तुझी भिंत.' सगळ्यांना म्हणायचा. ती त्याची म्हणच होती. आम्हीही त्याला चिडवायचो त्यावरून. बीअर ओतली की, तुझं पाणी, तुझी भिंत!"

"आणि नळी द्यायचा?"

"द्यायचाच की. न देऊन सांगतो कुणाला? माझ्या साच्यावर 'नाही' म्हणाला असता तर आम्ही त्याला ट्रकसकट नदीत लोटला असता. ऊन होतं, बीअर थंड होती, नि पातळ काँक्रीट आपणहून वाहतं, सुपासारखं. दुपारपर्यंत सगळे मोकळे." तो थांबला. हवेत लटकलेल्या घराच्या पोटाकडं, तिथल्या पाइपांकडं, लोंबत्या तारांकडं त्यानं बघितलं. "का विचारतेस?"

"अजून माहीत नाही," ओडील म्हणाली, आणि ढेकूळ पिशवीत घातलं.

त्या आठवड्यात तिनं दोन्ही काप एकाच दिवशी तयार केले. आधी साध्या उजेडात खडी बघितली. तिनं दोनदा काच पुसली, जी स्वच्छच होती. नऊ नंबरच्या खडीत तेच पट्टे होते, तोच काळा अभ्रक, तेच गार्नेटचे गुलाबी ठिपके आणि त्यांच्या आजूबाजूला काशाच्या रंगाचे पिरोटाइटचे कण. तिनं मोजले. नॉर्माँच्या भिंतीतलं प्रमाण आणि वडिलांच्या भिंतीतलं प्रमाण यांत फरक नव्हता. एकाच खाणीतला, एकाच थरातला दगड. वडिलांनी स्वतःसाठी काहीही राखून ठेवलं नव्हतं. पण आता मूळ प्रश्न आणखी नागवा उभा राहिला होता: दगड तोच, तर भिंत वेगळी का?

मग तिनं दुसरे काप घेतले, ज्यांच्या छिद्रांत तिनं पिवळा चमकणारा राळ-रंग भरला होता, आणि निळा दिवा लावला. जिथं सिमेंट सच्छिद्र असेल तिथं रंग शिरतो आणि उजळतो. घट्ट असेल तिथं अंधार राहतो. नॉर्माँच्या भिंतीचा काप काचेखाली सरकवताच डोळ्यांत हिरवा उजेड भरला. खडीच्या काळ्या बेटांभोवती सगळं पेटल्यासारखं, उन्हातल्या उथळ पाण्यासारखं लखलखत होतं. सोळा वर्षांपूर्वी बागेच्या नळीतून आत गेलेलं जास्तीचं पाणी कधीच उडून गेलं होतं, पण त्यानं अडवलेली जागा तशीच रिकामी राहिली होती. त्या वाटांनी दर वसंतात बर्फाचं पाणी आणि हवा आत येत राहिली. मग तिनं नऊ नंबर ठेवला. अंधार. एखादा हिरवा बिंदू, आणि पुन्हा अंधार. ती त्या अंधाराकडं बराच वेळ बघत राहिली. तिला नळाचा किरकिर आवाज ऐकू आला, आणि वडील चावी खिशात घालत असलेले दिसले. खिशातच, दातांत नव्हे. ती आठवण तिनं इतकी वर्षं शरमेच्या दाबाखाली ठेवली होती, की तिचं मूळ रूप काय होतं ते तिला आताच दिसत होतं. आणि ते शहाणपणाचं होतं का, हेही तिला खात्रीनं म्हणता येईना. कारण ज्याला पाण्याचं ठाऊक होतं त्यानं तेरा वेळा नळी हातात दिली होती. विनोद करून. चौदाव्या वेळी, स्वतःच्या साच्यापाशी, मात्र विनोद केला नव्हता. हा गुन्हा नव्हता. पण याला दुसरं काय नाव द्यायचं, हे तिला सुचलं नाही, आणि तिनं देण्याचा प्रयत्नही केला नाही.

उठण्यापूर्वी, सवयीनं, तिनं आणखी मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि पिरोटाइटचे कण एकेक तपासले. तिसऱ्या कणाशी ती थांबली. कडेला केसाएवढी तांबूस किनार होती. चौथ्याला होती. पुढं जवळजवळ प्रत्येकाला. गंज सुरू झाला होता. फक्त अंधारातून चाचपडत, फार हळू.

जूनच्या पहिल्या रविवारी ती आईच्या स्वयंपाकघरात बसली. खिडकीतून समोरचं घर दिसत होतं, अजून हवेतच. त्याच्याखाली आता नव्या पायाचे साचे लागले होते. आईनं कॉफी ओतली आणि स्वतः उभीच राहिली.

"बोल."

"दगड तोच आहे, आई. सगळ्यांचा आणि आपला. तसूभर फरक नाही."

आई खाली बसली. तिनं कपाळावरून छातीपर्यंत आणि एका खांद्यावरून दुसऱ्यावर हात नेत क्रूस केला. मग एकदम विचारलं, "म्हणजे आपलीही तडकणार?"

"हो."

आईचा चेहरा उजळला. ओडीलला तो उजेड काचेखालून ओळखीचा वाटला आणि तिनं नजर टेबलावर नेली.

"कधी गं? येत्या हिवाळ्यात?"

"नाही. आत्ता फक्त किनार आलीय. अजून पंधरा वर्षं. कदाचित वीस."

"वीस," आई म्हणाली. ती बहात्तर वर्षांची होती. उजेड गेला नाही. हळूहळू मावळला, आणि त्याच्या जागी नुसता चेहरा उरला. "म्हणजे मी गेल्यावर."

"बहुधा."

"लवकर नाही होणार काही करून? नळ सोडून ठेवला खाली तर?"

"आई!"

"विचारलं फक्त." तिनं कपातली साखर ढवळली, जी केव्हाच विरघळली होती. "मग इतकी वर्षं का नाही तडकली? जोसेफ म्हणू नकोस, तुला शोभत नाही."

"पाणी."

"कसलं पाणी?"

"नळाचं. बाबांनी चावी खिशात घातली ते."

आईनं खिडकीबाहेर बघितलं. समोर नॉर्माँ साच्यांशी वाकून दोरी धरत होता. सोलांज हवेतल्या घराच्या दारात, शिडीच्या वरच्या टोकाशी उभी राहून त्याला काहीतरी ओरडून सांगत होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर काँक्रीटचा ट्रक वळला, त्याचा पिंप सावकाश फिरत होता. आईनं फडताळ उघडलं, निळा डबा काढला. त्यातल्या वड्या तिनं जानेवारीतच टाकून दिल्या होत्या. रिकामा डबा तिनं बगलेत धरला, आणि दाराशी जाऊन थांबली.

"मी आत्ता जाणार तिकडं. ती दार लावून घेईल त्याच्या आत मला बोलायचंय. तुझ्या त्या मोठ्या शब्दांतलं एकही नको. सोलांजला कळेल असं सांग. काय म्हणू?"

ओडीलनं विशेषणं गाळली. वडिलांच्या बाजूचं वाक्य गाळलं, आणि विरुद्धचंही. जे काचेखाली दिसलं आणि नॉर्माँनं सांगितलं तेवढंच ठेवलं.

"म्हण, दगड चौदाही घरांत एकच होता, आणि तो वाईट होता. ट्रक चालवणाऱ्यानं स्वतःसाठी वेगळा ठेवला नव्हता. तेरा घरांत काँक्रीट पातळ करायला पाणी घातलं गेलं, कारण ते मागितलं गेलं. त्या पाण्यानं भिंतीत वाटा केल्या, आणि दगड सोळा वर्षांत बदलला. नऊ नंबरमध्ये पाणी घातलं नाही. तिथंही तो बदलतोय. उशिरा."